पहिल्या लॉटचा व्हेंटोर

१

माझ्या लेकाला खोटारडा म्हणाले ते भरल्या हॉलमध्ये. लोकांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. एकाचंही खाणं थांबलं नाही, हे मी विसरलेली नाही.

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. होटगी रोडवरच्या हॉलात या छंदवाल्यांचा मेळावा होता. छंद कसला, तर बुद्धिबळ खेळणारी जुनी यंत्रं गोळा करायची. वर पट असतो, पटावर सोंगट्या. आपण सोंगटी घरावर दाबून ठेवली की यंत्र विचार करतं आणि त्याची सोंगटी कुठून कुठं न्यायची ते लाल दिवे लावून सांगतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं हाँगकाँगला झालेली ही यंत्रं. माझा सिद्धनाथ होटगीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. पगार झाला की बाकीचे सराफाकडं बघतात, हा भंगारवाल्याकडं.

एकाच नावाची, एकाच रंगाची तीन यंत्रं फळीवर बघून मी विचारलं होतं, एकानं पोट भरत नाही का तुझं? तर म्हणाला, आये, ती सारखी नाहीत. कंपनीनं दर लॉटला काहीतरी बदललंय. एकाची बटणं काळी, दुसऱ्याची करडी. एकाच्या दिव्याचं भोक गोल, दुसऱ्याचं चौकोनी. मला ते लगेच पटलं. आमचं घराणं धनगराचं. परक्याला कळप दिसतो, आम्हाला प्रत्येक मेंढीचं तोंड वेगळं दिसतं.

त्याच्याकडं व्हेंटोर नावाचं यंत्र होतं, पहिल्या लॉटचं. देशात अशी चालू असलेली किती असतील याची हे लोक बोटं मोजत बसायचे. बाहेरून पहिला आणि नंतरचा व्हेंटोर एकसारखा. फरक पोटात. पहिल्या लॉटचं सर्किट तपकिरी, आणि त्याला खालून पांढरा पुठ्ठा चिकटवलेला. नंतरच्याचं सर्किट हिरवं, पुठ्ठा नाहीच. आणखी एक खोड होती. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की पहिल्या लॉटचा व्हेंटोर काही न विचारता त्याचा वजीर करायचा. लोकांनी तक्रार केली म्हणून कंपनीनं ते सुधारलं. नंतरचे व्हेंटोर विचारतात, वजीर करू, हत्ती करू, की घोडा. मला पहिलाच बरा वाटायचा. एवढं चालून गेलेल्याला आणखी काय विचारायचं?

त्या दिवशी सिद्धनाथचा सत्कार होता. टेबलावर शाल आणि नारळ. सून रुपाली आणि मी पहिल्या रांगेत बसलेलो. सिद्धनाथ सगळ्यांसमोर यंत्राशी खेळत होता, एक प्यादं मुद्दाम पुढं पुढं नेत होता, ती खोड दाखवायला. प्यादं शेवटच्या घरात बसलं. वजीर झाला नाही. दिवे लुकलुकायला लागले. यंत्र विचारत होतं, काय करू?

सिद्धनाथचा हात पटावर तसाच राहिला.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब म्हणजे अकलूजचं बडं प्रस्थ. उसानं आणि दुधानं भरलेलं घर, वर सोलापुरात बंगला. ते म्हणाले, उघडून बघा. चिटणीस मानसिंग सर, निवृत्त मास्तर, यांनी स्क्रू काढले. आत हिरवं सर्किट.

आबासाहेबांनी आवाज चढवला नाही. बशी खाली ठेवून म्हणाले, "जुन्या खोक्यात नवा माल भरून आणलास होय, सिद्धनाथ? आम्हालाही मेंढरं समजलास काय?"

लोक हसले. शाल-नारळ कुणीतरी हळूच उचलून नेला. माझा लेक यंत्र उचलून, मान खाली घालून निघाला. मी त्या हॉलमधल्या एकेकाचं तोंड बघून घेतलं. हे ज्यानं केलं त्याचं नाव मला हवं होतं.

२

घरी आल्यावर सिद्धनाथनं फळीवरची सगळी यंत्रं पोत्यात भरायला घेतली. भंगारात द्या म्हणाला. कोणकोणाकडून, किती वर्षं मागं लागून मिळवलेली ती यंत्रं, आणि तो ती कांद्यासारखी भरत होता. मंडळाच्या ग्रुपमधून त्याचं नाव काढलं होतं. पूर्वी ज्यांनी त्याच्याकडून यंत्रं घेतली होती ते फोन करून विचारत होते, आमचं तरी खरं आहे ना? बेळगावच्या एका भल्या माणसानं घेतलेलं यंत्र परत पाठवतो म्हणून कळवलं. तो फोन झाल्यावर सिद्धनाथनं भाकरी पुढ्यातून सारली.

लोकांचा हिशेब सरळ होता. पहिल्या लॉटचं सर्किट सिद्धनाथनंच काढून गुपचूप कुणाला विकलं आणि रिकाम्या खोक्यात हिरवं बसवून सत्कार घ्यायला आला. तो मुदलात बोलत नव्हता, म्हणून लोकांना आणखीच खरं वाटलं. माझ्या नवऱ्याचाही हाच स्वभाव होता. खरं माणूस गप्प बसतं आणि खोटं बोलत सुटतं. मी मात्र खरी असूनही बोलते.

मी पोत्याचं तोंड धरलं आणि म्हटलं, आधी सांग, दिवाळीनंतर हे यंत्र कुणाकुणाच्या घरी गेलं.

तीन घरी गेलं होतं. झाकणातला एक दिवा गेला म्हणून आधी ईश्वरप्पाच्या दुकानात. तिथूनच आबासाहेब स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले, मंडळाच्या पुस्तिकेत फोटो छापायचे म्हणून. त्यांच्याकडून माझा पुतण्या बिरुदेव यानं टेम्पोतून आणलं आणि मंद्रूपला आपल्या घरी ठेवलं, कारण आमच्या घरात रंगकाम चाललेलं. मेळाव्याच्या दिवशी सकाळी त्यानं यंत्राची पेटी थेट हॉलवर पोचती केली. सिद्धनाथला ती उघडून बघायला सवड झाली नाही.

तिघांचाही माझ्या लेकावर राग होता. ईश्वरप्पानं एकाच्या यंत्राची चिप तापवून जाळली हे सिद्धनाथनं ग्रुपवर लिहिलं होतं. बिरुदेवचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण मुलीच्या बापानं विचारल्यावर सिद्धनाथनं सांगितलं की व्हय, पितो. आणि आबासाहेबांनी एकदा दुसऱ्या नावाचं एक यंत्र पहिल्या लॉटचं म्हणून मिरवलं, तेव्हा यानं भर सभेत दिव्याचं चौकोनी भोक दाखवून ते नंतरचं आहे हे सिद्ध केलं होतं. माझा लेक खरं बोलून वैरी गोळा करतो. यंत्रांपेक्षा तो साठा मोठा.

"आये, सोड की," तो म्हणाला. "कोन ऐकनार हाय आपलं?"

"ऐकायचं न्हवंच त्यांनी. बघायचं," मी म्हटलं.

कारण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ज्यानं सर्किट काढलं त्याला ती काढल्यावरच कळली असणार. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. कोयता, कातर, शिलाई मशीन, आणि गेली कित्येक वर्षं सिद्धनाथची यंत्रंसुद्धा. आमचा देव बिरोबा, त्याला भंडारा, म्हणजे हळद. मी चिमटीनं देणारी बाई नाही. मूठ भरून उधळते. सिद्धनाथ दरवेळी कुरकुर करायचा, आये, फटीतून आत जातं. मी म्हणायची, जाऊ दे की, आतला भाग काय बिनदेवाचा हाय?

३

ईश्वरप्पाचं दुकान कन्ना चौकाच्या मागं. अक्कलकोटकडचा माणूस, कपाळावर विभूती, समोर रेडिओंची हाडं पसरलेली. मला बघून त्यानं स्टूल पुसलं आणि आपणहून म्हणाला की अक्का, मला ठाऊक आहे तुम्ही का आलात.

राग आहे का, असं मी सरळच विचारलं. त्यानंही सरळ सांगितलं की आहे. चिप त्यानं जाळली होती हे खरं, पण चार लोकांत लिहायचं काही कारण नव्हतं, गिऱ्हाईक तुटलं. मग दिवा बदलताना यंत्र उघडलं होतंस की नाही, असं विचारलं. दिवा झाकणात असतो, पण झाकण काढलं की सगळं पोट दिसतं. त्यानं बघितलं होतं. सर्किट तपकिरी होतं.

"मग त्या दिवशी का बोलला नाहीस?"

"मला कोण विचारलं, अक्का? मी बोललो असतो तर म्हणाले असते, शेवटी उघडलेला हाच, यानंच काढलं." मग तो म्हणाला, "पुठ्ठ्यावर तुमचा भंडारा होता. पिवळाधमक. मी हात लावलो नाही. देवाचं आहे, आणि यंत्र चालू आहे, कशाला लावू?"

लावायचाच असता तर कसा साफ केला असतास, असं मी विचारलं. त्याला हा प्रश्न येडपट वाटला. त्यानं स्पिरिटची बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश दाखवला. आयुष्यभर तेवढंच वापरलंय म्हणाला. पुठ्ठा ओढून काढता येईल का? नाही, चिकटवलेला असतो, फाटतो. आणि पुठ्ठा फाटला की पहिल्या लॉटची खूणच गेली.

निघताना मी त्याला सांगितलं की तू खोटं बोलत असलास तर या चौकात तुझं दुकान राहणार नाही. तो म्हणाला, "अक्का, खरं बोललो तरी कुठं राहतंय?"

मला तो माणूस आवडला. पण आवडणं म्हणजे सुटणं नव्हे.

४

मंद्रूपला आठवडी बाजाराच्या दिवशी गेले, म्हणजे बिरुदेव सापडेल. तो दारातल्या दगडावर आपले कपडे आपटत बसला होता. लग्न मोडल्यापासून घरात बाई नाही, धुणं-भाकर सगळं स्वतः करतो. मला बघून उठला नाही. मीही बस म्हणायची वाट बघितली नाही.

तोंडाला वास येत होता. मी म्हटलं, सकाळीच? तर म्हणाला, तुझ्या लेकानं सांगितलंच हाय सगळ्यांना, आता लपवू कशाला. मग सगळं ओकला. मुलगी त्याला पसंत होती, दारू त्यानं सोडली असती, आणि सख्ख्या चुलतभावानं गळा कापला. सिद्धनाथची हॉलमधली गोष्ट कळली तेव्हा बरं वाटलं, हेही त्यानं लपवलं नाही.

मी त्याच्या कानशिलात दोन द्यायला गेले नव्हते. दिली मात्र एक, त्या शेवटच्या वाक्याला.

त्यानं गाल चोळला आणि निवला. पेटी त्यानं उघडली नव्हती. नुसती आणली, फळीवर ठेवली, नेऊन दिली. मी विचारलं, उघडली असतीस आणि आत भंडारा दिसला असता तर?

"कपाळाला लावला असता," तो म्हणाला. "काकी, मी पितो. पन बिरोबाचा भंडारा पुसून टाकायला मी काय मेलोय?"

उठताना मी विचारलं की आबासाहेबांकडं पेटी कुणी दिली, गड्यानं का? बिरुदेव ओला सदरा हातात धरून तसाच थांबला. त्यालाही ते तेव्हाच सुचलं असावं.

"आबासाहेबांनी. सोता. दोरी बी त्यांनीच बांधलेली, गाठी बघून मला हसू आलं. त्या घरात पान्याचा तांब्या गडी हातात देतो, काकी. आन पेटी मालकानं बांधली."

५

आबासाहेबांच्या बंगल्यावर मला बाहेरच्या सोफ्यावर बसवलं. आत नव्हे. भिंतीभर काचेची कपाटं, त्यात यंत्रं, आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा आबासाहेबांच्या कमरेला. ते गोड बोलले. सिद्धनाथ गुणी आहे, चूक माणसाकडूनच होते, वर्षभरानं लोक विसरतील, मग बघू परत घेता येतं का. मी ऐकून घेतलं. मला हो म्हणायची सवय नाही, म्हणून मान हलवली.

मधल्या टेबलावर एक व्हेंटोर होता, दिवा लागलेला. मी विचारलं, हा तो तुमचा मुका व्हेंटोर का? त्यांच्याकडंही पहिल्या लॉटचा एक होता, पण चिप जळून कित्येक वर्षं बंद. सिद्धनाथच त्याला मुका म्हणायचा. आबासाहेबांचा चेहरा खुलला. जर्मनीहून एका माणसाकडून चिप मागवली, बसवली, आणि लागला बोलायला. येत्या रविवारी सगळ्या मंडळाला बंगल्यावर बोलावलं आहे तो दाखवायला. सिद्धनाथला बोलावणं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चहा घ्यायला मी उठून स्वयंपाकघरात गेले. आबासाहेबांची बायको कस्तुराबाई ओट्याशी होती. मोठ्या घरची, पण बोलायला कुणी नसलेली बाई. मी मुद्दामच म्हटलं की तुमचे मालक फार कामाचे दिसतात, यंत्र स्वतः दुरुस्त करतात. ती हसली. म्हणाली, कामाचे? लग्न झाल्यापासून बनियन कधी पाण्यात बुडवला नाही. आणि मध्यंतरी, मेळाव्याच्या आधी, मोरीचं दार लावून धुण्याची पावडर घेऊन काय घासत होते कोण जाणे. मी हाक मारली तर उघडेनात. बाहेर आले ते माझा पांढरा नॅपकिन खराब करून.

तो नॅपकिन तिनं ठेवला होता. खणातून काढून मला दाखवला.

"लाल डाग बघून मला आधी रक्त वाटलं," ती म्हणाली.

"आधी?"

"आधी."

मी नॅपकिन नाकाशी नेला, मग घडी घालून तिच्या हातात दिला. ती माझ्याकडं बघत होती. मी चहा संपवला, बशी पालथी घातली, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. रिक्षावाला जास्त मागत होता, त्यालाही नाही.

रुपालीला रात्री जेवताना फक्त एवढंच सांगितलं की रविवारी सिद्धनाथचा तो पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव.

६

सिद्धनाथ यायला तयार नव्हता. त्याला म्हटलं, तू आला न्हाईस तर मी एकटी जानार, आन तिथं काय बोलंन त्याचा भरवसा न्हाई. तो आला.

बंगल्याच्या दारात सिद्धनाथला बघून लोक बाजूला सरले. आबासाहेबांनी घरचा पाहुणा असल्यासारखं या म्हटलं. चार लोकांसमोर त्यांना तसंच म्हणावं लागलं. मी ईश्वरप्पाला आणि बिरुदेवलाही यायला सांगितलं होतं. दोघं दाराशीच उभे राहिले.

खेळ सुरू झाला. आबासाहेबांनी आपलं प्यादं पुढं पुढं नेलं. ते शेवटच्या घरात बसलं आणि यंत्रानं काही न विचारता त्याचा वजीर केला. टाळ्या पडल्या. सिद्धनाथच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. आपल्या यंत्राची चाल तो ओळखणार नाही तर कोण? पण तो तोंड उघडणार नव्हता, म्हणून मी उठले.

मानसिंग सरांना म्हटलं, माझ्या लेकाचं यंत्र भर सभेत उघडलं होतं. नियम सगळ्यांना एक असला तर हेही उघडा.

कुणीतरी पुटपुटलं. आबासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना भीती नव्हती. आत तपकिरीच निघणार होतं, पुठ्ठ्यासकट, आणि त्यांच्याकडं पहिल्या लॉटचा व्हेंटोर आहे हे सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. सरांनी स्क्रू काढले. तपकिरी सर्किट, खाली पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या कडेनं आणि दुमडीत लालसर डाग.

मी विचारलं, हे लाल काय हो?

"कुंकू," आबासाहेब म्हणाले. "खंडेनवमीला आमच्याकडंही यंत्रांची पूजा होते, बाई. फक्त तुमच्यातच देव आहे असं नाही."

लोक हसले. मी हसू दिलं. मग विचारलं की नक्की कुंकूच ना, दुसरं काही नाही? ते म्हणाले, घरचं कुंकू मला ओळखू येतं. सगळ्यांनी ऐकलं याची मी खात्री करून घेतली, अगदी मागं उभ्या असलेल्या एकाला विचारून. तो जरा बहिरा आहे.

"वहिनी," मी कस्तुराबाईला म्हटलं, "तुमचं कुंकू आणता का जरा?"

ती आत गेली. यायला थोडा वेळ लागला. आली ती ताम्हण घेऊन. ताम्हणात कुंकवाचा करंडा होता, आणि त्याच्या शेजारी कापलेलं लिंबू.

लिंबू मी मागितलं नव्हतं.

आबासाहेबांना त्या लिंबाचा अर्थ कळला नाही. ते मला तेव्हाच दिसलं, आणि खरं सांगते, त्या क्षणाइतका आनंद मला लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

मी पांढऱ्या कागदावर कुंकू घातलं आणि वर लिंबू पिळलं. लाल ते लालच राहिलं. बाजारचं रंगाचं कुंकू, ते लिंबानं हलत नाही. मानसिंग सरांना नीट बघायला लावलं. मग उरलेलं लिंबू त्यांच्या हातात दिलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाईनं हातचलाखी केली, आणि म्हटलं, आता त्या पुठ्ठ्यावरच्या लालवर एक थेंब.

थेंब पडला. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. आमच्या बिरोबाच्या भंडाऱ्यासारखा पिवळा.

मग मी बोलले. हळदीला धुण्याची पावडर लागली की ती लाल होते, आणि लिंबानं परत पिवळी. ज्यानं कधी आपला डाग आपण धुतला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पुठ्ठा काढता येत नव्हता, तो फाटला तर पहिल्या लॉटची खूण गेली असती. म्हणून भंडारा धुवायला घेतला. ईश्वरप्पा असता तर स्पिरिटनं काढला असता. सर्किटजवळ पाणी तो मेला तरी नेणार नाही. बिरुदेव असता तर भंडारा कपाळाला लावला असता, आणि धुवायचाच असता तर साबण लागून लाल होतो हे रोज दगडावर आपटणाऱ्याला ठाऊक आहे. उरला तो माणूस, ज्याच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा दुसरा देतो. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धुतलं, आणि ते चोरीचं. हळद लाल झाली तेव्हा त्याला वाटलं कुंकू झालं, चला बरं झालं. पुठ्ठा काही पिळून खळबळता येत नाही, पावडर आतच राहिली आणि लालही आतच राहिलं.

आणि नुसती चोरीच करायची असती तर आपलं जळकं तपकिरी सर्किट माझ्या लेकाच्या यंत्रात बसवून चाललं असतं. यंत्र बंद पडलं, एवढंच झालं असतं. पण हिरवं बसवलं, चालू, विचारणारं. म्हणजे भर सभेत तो खोटा ठरावा. एका चौकोनी भोकाचा सूड.

ईश्वरप्पा दारातून पुढं आला आणि मानसिंग सरांना म्हणाला की पुठ्ठ्यावर भंडारा मी दिवा बदलताना बघितला होता. यावेळी त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलला. आबासाहेब म्हणाले, हळद असेल पूजेची, आमच्याच घरची. तेव्हा कस्तुराबाई पहिल्यांदा बोलली, पदर नीट करत, कुणाकडं न बघता.

"कपाटाची किल्ली कधी माझ्याकडं नव्हती. मी पूजा कशाची करणार?"

मग आबासाहेब खाली बसले. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, सर्किट आजच्या आज परत करतो, सिद्धनाथचं नाव ग्रुपवर परत घेतो, बाकीचं घरात बसून मिटवू, लोक जाऊ देत. मी मोठ्यानं म्हटलं, लोक कशाला जातील? लोकांसमोरच म्हणालात, लोकांसमोरच मिटवा.

ते उठले. मंडळींकडं तोंड करून म्हणाले की सर्किट त्यांनी काढलं, सिद्धनाथ खरा होता. आवाज बारीक होता, मागचा बहिरा पुढं आला होता. मानसिंग सरांनी यंत्र सिद्धनाथच्या पुढं ठेवलं आणि त्याचा हात धरला. बेळगावचा तो भला माणूसही आला होता. तो म्हणाला, तुमच्याकडून घेतलेलं मी परत पाठवणार नाही. सिद्धनाथ नुसता मान हलवत होता. त्याला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं.

आबासाहेब माझ्यासमोर आले आणि पाया पडायला वाकू लागले. वयानं मी मोठी, त्यात त्यांना कमीपणा नव्हता. थोरामोठ्यांच्या पाया पडणारा माणूस उलट चांगलाच दिसतो. मी पाय मागं घेतले.

"माझ्या न्हाई," मी म्हटलं. "खोटारडं मला म्हनाला न्हवता तुमी."

मी सिद्धनाथकडं बोट केलं. अकलूजचं ते घराणं, आणि समोर मेंढरंवाल्याचा पोर, त्यांच्याहून धाकटा. सिद्धनाथ दोन पावलं मागं सरला. आये नको, म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं. मी त्याला म्हटलं, गप उभा राहा.

सिद्धनाथ माझ्याकडं बघत राहिला, आता तरी सोड म्हणून. मी सोडलं नाही. आबासाहेबांना वाकायला फार वेळ लागला. कमरेला सवय नव्हती.